तिसऱ्या खाचेवर

साल दोन हजार एकोणीस. मार्गशीर्षातले दिवस होते. रामेश्वराचा कौल आधीच झाला होता; ठरल्या दिवशी देवळात नौबत वाजली आणि दुपार कलायच्या आत आचरा गाव रिकामा झाला.

याला गावपळण म्हणतात. दर तीन-चार वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि सगळा गाव घरांना कड्या घालून शिवेपलीकडे जातो. माणसंच नव्हेत, गुरं जातात, कुत्री-मांजरं जातात, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या जातात. आजारी माणसाला खुर्चीत बसवून नेतात, तान्ह्याला झोळीतून. मागे उरतात त्या विहिरी आणि माड. तीन रात्री शिवेबाहेर झावळ्यांच्या खोपीत काढायच्या, मग देवाने पुन्हा कौल दिला की परत यायचं.

हौसाबाईंची ही कितवी गावपळण ते त्यांना सांगता आलं नसतं, पण प्रत्येक वेळची एकेक खूण त्यांच्या मनात पक्की होती. एका पळणीत त्या नव्या सूनबाई होत्या आणि चुलीसाठी दगड गोळा करताना त्यांच्या हातातली बांगडी वाढली होती. एका पळणीत शर्मिला पोटात होती आणि रात्रभर आतून लाथा मारत होती. पुढच्या एकीत ती नऊ वर्षांची होती. कोंबडी हरवली म्हणून शिवेच्या आत परत धावत सुटली, तेव्हा तिच्या बापाने, गुरुदासांनी, तिला पोत्यासारखी खांद्यावर टाकून आणली होती. आणि शर्मिलेवाचूनच्या पळणीही आता बऱ्याच झाल्या होत्या.

त्या वर्षी हौसाबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या, गुरुदास सत्तरचे. दोघांनी खाडीवरच्या पुलापलीकडे, मुणग्याच्या अंगाला, खोप घातली. शेजारी विमलाबाईची खोप होती. चुली पेटल्या, पोरं माळावर हुंदडायला लागली, आणि संध्याकाळी हौसाबाई काठी टेकत खाडीच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड होता.

पलीकडे गावात एकही दिवा नव्हता. सगळा गाव डोळे मिटून पडलेल्या माणसासारखा दिसत होता. झोपलेला नव्हे, नुसते मिटलेले. समुद्राची गाज माडांवरून चालत सरळ त्यांच्यापर्यंत येत होती. एरवी तिला मध्ये अडवायला किती आवाज असतात, हे अशा दिवशीच कळतं.

याच खाडीत, पूल व्हायच्या आधी, हौसाबाईंचे वडील तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. काठावर उभी असलेली माणसं ते आधी नुसती बघून घेत. मग एकेकाला सांगत, तू मधी बस, तू पुढे नाळीकडे, गो आजये, तू माझ्या पायाशी. कुणी कंबरेला तांदळाचं गाठोडं बांधून वर लुगडं घट्ट घेतलं असलं तरी होडीत पाय पडताच त्यांना कळायचं. "होडयेक फसवता येणा नाय," ते म्हणत. "वजन खंय लपवलंस ता ती तुका सांगता."

हौसाबाईंना ते वाक्य बारा वर्षं पुन्हा पुन्हा आठवत होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. गुरुदासांचं गॅरेज आचरा तिठ्यावर. मोटारसायकलीचा त्यांच्यासारखा हात आसपासच्या पाच-सहा गावांत नव्हता. इंजिन सगळेच उघडतात. पण गाडी माणसाला कशी बसली पाहिजे, हे बघणारा गुरुदासच. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असतात, त्यांच्या स्प्रिंगखाली एक कडं असतं आणि त्या कड्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पाच खाचा. वाकड्या तोंडाचा एक पाना लावून कडं फिरवलं की ते एक पायरी चढतं आणि स्प्रिंग ताठ होते. एकट्याने जायचं तर पहिली खाच पुरते. मागे माणूस बसणार असेल तर वर चढवायची, नाहीतर गाडी मागून बसते, पुढून हलकी होते, खड्ड्यात आदळते आणि वळणावर वाकली की खालचा स्टँड रस्त्याला लागतो.

हे गुरुदासांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटारसायकल आणली. पहिल्यांदा हौसाबाई मागे बसल्या, तिन्हीसांजेची वेळ होती, आणि दिव्याचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी माडांच्या शेंड्यांवर पडायला लागला. झावळ्या एकेक करून उजळत होत्या, मागे जात होत्या. हौसाबाईंना वाटलं होतं, आपण जमिनीवरून जातच नाही आहोत.

"अवो," त्या म्हणाल्या होत्या, "मानसांका सोडून माडांका कित्याक उजेड दाखवतास?"

"तूच जड," गुरुदास म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गाडीखाली डोकं घातलं ते रात्री जेवायलाच वर काढलं. तेव्हापासून हौसाबाईंना कुठे न्यायचं असलं की आधी पाना निघायचा. कट्, कट्. पहिलीवरून तिसरीवर. घरी परत आले की पुन्हा खाली. साऱ्या तिठ्याला ते ठाऊक होतं. गुरुदास गाडीजवळ उकिडवे बसलेले दिसले की लोक विचारायचे, "आज वयनीक घेऊन खंयची सवारी?"

दोन हजार सातच्या महाशिवरात्रीला हौसाबाईंना कुणकेश्वराला जायचं होतं. ऐन निघायच्या वेळी गॅरेजवर गिऱ्हाईक आलं, लांबून आलेलं, गाडी बंद पडलेली. गुरुदास म्हणाले, "तुमी दोघी जावा, मी मागसून येतंय." शर्मिला तेव्हा एकवीस वर्षांची होती. बापानेच तिला गाडी शिकवली होती आणि ती बापापेक्षा सांभाळून चालवायची. गेल्या, दर्शन झालं, समुद्रात पाय बुडवले, येताना पाच नारळ, कलिंगड आणि खाज्याचा पुडा घेतला. मिठबाव सोडल्यावर मुणग्याच्या अलीकडे एक डावं वळण आहे, वडाच्या झाडाचं. तिथे गाडी वाकली, खालून खर्रर असा आवाज आला, मागचं चाक उचलल्यासारखं झालं, आणि पुढचं हौसाबाईंना आठवतं ते फक्त कलिंगडाचं लाल पाणी. त्यांना ते रक्त वाटलं होतं. रक्त आलंच नव्हतं. मांडीचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी इस्पितळाच्या आवारात, सगळ्या पाहुण्यांसमोर, गुरुदास शर्मिलेला म्हणाले, "आवशीक मारून टाकलं असतंस. परत माझ्या गावची शीव ओलांडू नको."

माणूस घाबरलं की असं बोलतं. पण शर्मिला त्यांचीच मुलगी. तिने आईचं ऑपरेशन होईपर्यंत वाट पाहिली आणि तिथूनच परस्पर चिपळूणला मैत्रिणीकडे गेली. पुढे तिथेच शाळेत गणित शिकवायला लागली, तिथेच लग्न केलं, तिथेच तिला मुलगी झाली, आरोही. शीव तिने ओलांडली नाही.

मोडकी गाडी तीन दिवसांनी टेम्पोतून घरी आली. हौसाबाई मांडीत सळी घालून घरी आल्या, आणि एका दुपारी पलंगावर पडल्या पडल्या त्यांना पडवीतून आवाज आला. कट्. थोडा वेळ काहीच नाही. कट्. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूने तसेच दोन. नंतर बराच वेळ गुरुदास आत आले नाहीत.

हौसाबाईंनी तो आवाज मोजला. पहिलीवरून तिसरीवर जायला एका बाजूला दोनच लागतात. म्हणजे त्या दिवशी गाडी पहिलीवर होती. गिऱ्हाइकाच्या घाईत ते फिरवायला विसरले होते. ते खर्रर कसलं होतं हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

त्या काही बोलल्या नाहीत. सहा गावांतून लोक ज्या हाताकडे यायचे, त्या हाताला त्यांना खाली पाडायचं नव्हतं. उद्या ते आपणहून बोलतील असं वाटलं. मग वाटलं, पाडव्याला बोलतील. मग बोलण्याची वेळ निघून गेली आणि ती गोष्ट घरात एखाद्या जड पेटीसारखी राहिली; दोघं तिला वळसा घालून वावरायला शिकले. हौसाबाई पुन्हा मोटारसायकलवर बसल्या नाहीत. गुरुदासांनी पुन्हा विचारलं नाही.

शर्मिलेशी त्या दुपारी फोनवर बोलत. गुरुदासांना ते ठाऊक होतं; फोन वाजला की त्यांना अंगणात काहीतरी काम निघायचं. गावपळणीच्या आधी दोन दिवस हौसाबाईंनी तिला विचारलं, "येतंस?"

"आये, तुला माहीत आहे."

"आयक. ते शिवेबद्दल बोलले. तीन दिस गाव शिवेच्या आत नाय, भायर आसा. आमी पुलापलीकडे आसंव. तुका शीव ओलांडूक लागाची नाय."

पलीकडे शर्मिला हसली. मग म्हणाली, "आये, तुझा पाय माझ्यामुळे गेला. मी त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन उभी राहू?"

बारा वर्षं त्या हे ऐकत होत्या. पण त्या दिवशी ते त्यांना आरपार गेलं. मुलगी तेहेतीस वर्षांची झाली होती, तिच्या केसांत एक-दोन पांढरे आले होते असं ती स्वतःच सांगायची, आणि अजून ती दुसऱ्याचं वजन डोक्यावर घेऊन चालत होती. ते वजन तिथे ठेवण्यात आपलाही हात होता.

"शनवारी अकराक हायवेर तळेऱ्याक उतर," हौसाबाई म्हणाल्या. "मी थंय येतंय."

"कशी येणार? मी तुला बघेन आणि पुढच्या गाडीने परत जाईन, चालेल?"

"चलात," हौसाबाई म्हणाल्या. पण त्यांनी मनाशी ठरवलं की तळेऱ्याला पोचायच्या आत गुरुदासांशी बोलायचं. नाही बोललो तर मुलगी आपल्याला बघून जाईल आणि जाताना तेच वजन परत घेऊन जाईल.

शुक्रवारी दुपारी गुरुदास खोपीसमोर बसले होते. काळी जुनी गाडी आंब्याखाली उभी होती. गावपळणीत गॅरेज बंद. गिऱ्हाईक नाही, हातात काम नाही, आत डोकं घालायला एखादं इंजिन नाही. एवढा मोकळा माणूस हौसाबाईंनी फार दिवसांत पाहिला नव्हता.

"अवो, आयकतास मां? उद्या माका तळेऱ्याक न्हेशात काय?"

"रिक्षा सांगतंय."

"रिक्षा नको. गाडयेवरसून."

गुरुदासांनी मान वर केली. तळेऱ्याला काय आहे, कोण येणार, काही विचारलं नाही. हौसाबाईंना वाटलं, फोन चालू असताना ते अंगणात इतकेही लांब जात नसावेत. ते उठले, हत्यारांची पिशवी आणली आणि गाडीजवळ उकिडवे बसले.

शेजारच्या खोपीतून विमलाबाईने ते पाहिलं आणि ती हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आली. "गो बाये! हौसा गाडयेर बसता? परत लगीन करूक चललास काय दोघा?"

"तू ये वरमाय म्हणान," हौसाबाई म्हणाल्या.

"येतंय! माका मगे बसूक गाडी कोण देतला? ह्यो तुझो घोव माका बघून पाचवे खाचेर जायत!"

गुरुदासांनी पाना लावला. कट्. कट्. तिसरी. दोन्ही बाजूंना. हाताला ते इतकं पाठ होतं की त्यांनी बघितलंही नाही. मग गाडी सरळ धरली. "बस."

हौसाबाईंनी विमलाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, दुखरा पाय जपत एका बाजूला बसल्या. गुरुदासांनी माळावरच्या पायवाटेवरून गाडी पन्नास पावलं नेली. दर ढेकळाला गाडी मागून उडत होती आणि ती उडी हौसाबाईंच्या मांडीतल्या सळीपर्यंत जात होती. त्यांनी ओठ दाबले. गुरुदासांनी आरशात ते पाहिलं असावं. गाडी वळवून त्यांनी आंब्याखाली आणली.

"घट्ट झालो," ते पुटपुटले. "पण तू तिसरेची मां? तुका मी कायम तिसरेर..."

"तेव्हा होतंय," हौसाबाई म्हणाल्या. "आता बारा वरसा झाली. वजन उतारला माझा."

हौसाबाईंना वाटलं, हा माणूस इतकी वर्षं आपल्याला तेवढ्याच वजनाची समजून घरात वागत होता. गुरुदासांनी पाना पुन्हा लावला, पण कडं फिरवलं नाही. विमलाबाई चुलीवरचं उतू जातंय म्हणून आत पळाली होती. माळावर वारा होता आणि खाडीच्या पलीकडे रिकामा गाव उन्हात पडला होता.

"त्या दिवशी," हौसाबाई म्हणाल्या, "एकार होतो."

गुरुदासांचा हात पान्यावर तसाच राहिला.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पलंगार होतंय तेव्हा. तुमी पडवीत फिरवलास. एकेका बाजूक दोन आवाज इले."

एक बगळा खाडीवरून गावाच्या दिशेने गेला. त्याला शिवेची अट नव्हती. गुरुदास खाली बसलेले होते, त्यामुळे हौसाबाईंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टक्कल आणि मानेवरच्या सुरकुत्या.

"मगे बोललंस कित्याक नाय?" ते म्हणाले. आवाज रागावल्यासारखा होता, पण राग नव्हता.

"तुमी बोलशात म्हणान."

"मी रोज बोलतलंय होतंय," गुरुदास म्हणाले. "रोज सकाळी. मगे कोणतरी गाडी घेऊन येय."

त्यांनी कडं एक पायरी खाली आणलं. दुसरी खाच. पुन्हा पन्नास पावलं. या वेळी गाडी ढेकळांवरून गेली ती होडी लाटेवर जाते तशी, चढली आणि उतरली, आणि मांडीतल्या सळीला पत्ताही लागला नाही. हौसाबाईंनी डोळे मिटले. चालत्या तरीत वडिलांच्या पायाशी बसल्यावर असंच वाटायचं.

शनिवारी आठला निघाले. मुणगे मागे पडलं. वडाच्या वळणावर गुरुदासांनी गाडी इतकी हळू केली की मागून येणारा सायकलवाला पुढे गेला. हौसाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. खालून काही आवाज झाला नाही. वड तसाच होता, पारंब्या जरा खाली आल्या होत्या एवढंच. मिठबाव गेलं, मग आतला रस्ता, कातळावरचं सोनेरी गवत, आंब्याच्या बागा, मोहोराचा लवकर आलेला वास. शिरगावला चहा घेतला. गुरुदासांनी बशीत ओतला आणि तसाच थंड होऊ दिला. हौसाबाईंना ती सकाळ पुढे कितीदा तरी स्वप्नात दिसली. स्वप्नात तळेरं कधी येतच नाही, रस्ता नुसता पुढे पुढे जात राहतो आणि त्या बसलेल्या असतात.

पण तळेरं आलं. शर्मिला तिठ्यावर एका बंद दुकानाच्या फळीवर बसली होती, मांडीवर पर्स. गाडीचा आवाज ऐकून तिने मान वर केली. तो आवाज तिने कुठेही ओळखला असता. आई एकटी येईल असं तिला वाटलं होतं. ती उठली, आणि तिथेच उभी राहिली.

जवळ आल्यावर तिने आधी आईचा पाय पाहिला. मग बापाकडे पाहिलं. "बाबा," एवढंच म्हणाली.

गुरुदासांनी गाडी स्टँडवर लावली. कपाळ पुसलं. हौसाबाईंना वाटलं, आता हा माणूस पाऊसपाण्याचं काहीतरी बोलेल आणि सगळं वाहून जाईल. पण ते बोलले ते असं, "बाये, त्या दिसा शॉकअप एकार होतो. मी फिरवूक इसारलंय. स्टँड लागलो म्हणान गाडी गेली. तू नाय पाडलंस."

शर्मिलेला ते समजायला जरा वेळ लागला. एक ट्रक गेला, धुरळा उडाला, तो खाली बसला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गाडी घराक इली तेव्हा."

ती आईकडे वळली. "आणि तुला?"

हौसाबाईंना खोटं बोलता आलं असतं. गुरुदासही, हिला ठाऊक नव्हतं अशा अर्थी, मान हलवून सांभाळून घेत होते. "माका पण," त्या म्हणाल्या. "थोड्या दिवसांनी."

शर्मिलेच्या डोळ्यांत जे आलं ते हौसाबाईंनी मुलीच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. "मी बारा वर्षं गाडी चालवली नाही, आये," ती हळू आवाजात म्हणाली. "आरोहीला शाळेत सोडायला स्कूटरसुद्धा घेतली नाही. नवरा विचारायचा, मी सांगायचे, माझ्या हातून एकदा माणूस मरता मरता वाचलंय. आणि तुम्ही दोघं..." ती थांबली. रस्ता ओलांडून पलीकडे गेली, जिथे उत्तरेकडच्या गाड्या थांबतात. तिथे पाठमोरी उभी राहिली.

गुरुदास तिच्यामागे जायला निघाले. हौसाबाईंनी त्यांचा सदरा धरला. "ऱ्हवा," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण आता नुसतं बसून राहावं, वडील होडीत सांगायचे तशी आपली जागा तीच सांगेल. चिपळूणकडे जाणारी एक एसटी आली, थांबली, दोन माणसं चढली. गाडी गेली तेव्हा शर्मिला तिथेच होती.

थोड्या वेळाने ती परत रस्ता ओलांडून आली. दोघांकडे न बघता गाडीजवळ गेली, ओढणी कमरेला खोचून मागच्या चाकापाशी वाकली आणि कड्यावर बोट फिरवलं. लहानपणी ती असंच करायची, खाचा मोजायला शिकली तीच मुळी तिथे.

"आत्ता दोनावर आहे," ती म्हणाली.

"आवशीचा वजन उतारला," गुरुदास म्हणाले.

"आणि माझं वाढलंय. तीनावर करा."

गुरुदासांनी आधी हौसाबाईंकडे पाहिलं.

"करा ना, बाबा. मी चालवणार. आईला मागे बसू दे. तुम्ही एसटीने या."

गुरुदासांनी पिशवीतून पाना काढला. पान्याचं तोंड दोनदा निसटलं. मग कट् असा आवाज झाला, दुसऱ्या बाजूलाही झाला. शर्मिला बसली, तिने एकदा गाडी दाबून पाहिली, मागे न बघता हात मागे केला आणि हौसाबाई त्या हाताला धरून चढल्या.

वडाच्या वळणावर शर्मिलेचे खांदे लाकडासारखे झाले. हौसाबाईंनी गाल तिच्या पाठीला टेकवला. गाडी वाकली, सरळ झाली. पुढे मुणग्याजवळ शर्मिला रडत होती, पण गाडी सरळ जात होती.

गुरुदास संध्याकाळी एसटीने आले आणि शेवटचा मैलभर चालत आले. विमलाबाई दारातच होती. "नवरो चलत आणि नवरी गाडयेर!" ती म्हणाली, आणि मग आतल्या शर्मिलेकडे वळली. तिने पोरीच्या तोंडात भाजलेल्या सुंगटाचा, कोळंबीचा, घास कोंबला आणि स्वतःच डोळे पुसले.

रविवारी देवाने कौल दिला. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी पुलावरून परत निघाली. तीन दिवस रिकाम्या राहिलेल्या गावात जुनं बोलणं शिल्लक उरत नाही, असं हौसाबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. देवाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. गुरुदास गाडी हाताने ढकलत होते. शिवेच्या दगडाशी ते थांबले. तिथे काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. पण त्यांनी फक्त हँडल शर्मिलेच्या हातात दिलं आणि बाजूला झाले. ती गाडी ढकलत आत गेली.

गुरुदास त्यानंतर साडेतीन वर्षं जगले. गॅरेजवर कुणीही गाडी घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, मागे कोण बसतला? आणि गाडी दुरुस्त झाल्यावर ते सांगायचे की आपल्या हातून एकदा चूक झाली, कशी झाली, कुणाचा पाय गेला. न विचारता सांगायचे. लोकांनी यायचं थांबवलं नाही. उलट नव्या लग्नाच्या बायका नवऱ्यांना त्यांच्याकडेच पाठवायला लागल्या. श्रावणात एका दुपारी, हातपाय धुऊन जेवायला बसताना ते गेले.

विमलाबाई मुलाकडे पनवेलला राहायला गेली. पुढची गावपळण लागली तेव्हा तिने फोन करून विचारलं, माझ्या खोपीच्या जागेर कोण बसला?

शर्मिला वर्षातून तीनदा येते. तिने चिपळूणला स्कूटर घेतली. आरोही आता दहावीला आहे आणि आजोबांचा वाकड्या तोंडाचा पाना तिने मागून नेला आहे.

हौसाबाई आचऱ्यालाच आहेत. गुरुदास गेल्यानंतरच्या गावपळणीला त्या पडवीत वळकटी बांधत होत्या आणि शर्मिला अंगणात गाडीजवळ बसली होती, पाना आरोहीकडून परत मागून आणलेला. आईला आधीच एकदा गाडीवर बसवून तिने नुसतं डोळ्यांनी जोखलं होतं. आता एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला एकेकच आवाज आला. कट्. हौसाबाईंनी आणखी एका आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"आये," शर्मिलेने बाहेरून हाक मारली, "तिसरीवरून खाली घेतली गो. दुसरी पुरे आता आपल्याला."

"बरां," हौसाबाई म्हणाल्या, आणि दाराला कडी घातली.